घरच्या सर्व्हरवर पुढचे ॲप कोणते, आणि कोणत्या क्रमाने

जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि डॉकर (प्रत्येक ॲप ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारे साधन) बसवून आपण जेलिफिन (घरचे चित्रपट पाहण्यासाठी) आणि पाय-होल (घराच्या डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेवर, जाहिराती अडवणारे) चालवत आहात, दोन्ही सुरळीत आहेत, आणि आता आपण चार गोष्टी विचारल्या आहेत : पुढे कोणती उपयोगी ॲप्स बसवावीत, ८ जीबी रॅम त्यांना पुरेल का, घराबाहेरून ती कशी वापरावीत, आणि नव्याने हाती आलेली २ टीबीची दुसरी यूएसबी डिस्क पहिलीसोबत रेडमध्ये (अनेक डिस्क मिळून एकच डिस्क म्हणून वापरण्याची रचना) जोडावी का. थोडक्यात सांगायचे तर कागदपत्रांसाठी पेपरलेस-एनजीएक्स, त्यानंतर फोटोंसाठी इमिच, आणि बऱ्याच काळाने पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन; रॅम पुरेल; बाहेरून वायरगार्ड या व्हीपीएनने (घरच्या नेटवर्कपर्यंतच्या एन्क्रिप्ट केलेल्या खासगी मार्गाने) यावे; आणि रेड करू नये. मात्र आपण सर्वांत शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आधी देणार आहे, कारण पहिल्या तिन्हींची उत्तरे त्यावर उभी आहेत.

आतापर्यंत बसवलेल्या दोन्ही ॲप्सकडे आपले असे काहीही नाही. पाय-होल उद्या पुसले गेले तर अर्ध्या तासात पुन्हा उभे राहते. जेलिफिन गेले तर कुठवर काय पाहिले होते एवढी नोंद हरवते. आता ज्या ॲप्सचा विचार चालू आहे, ती आपली ठेव सांभाळणारी आहेत : एकदाच निघालेले फोटो, पुन्हा सहज न मिळणारे दाखले, सगळ्या खात्यांचे पासवर्ड. ॲप बसवणे हे एका संध्याकाळचे काम असते, पण ठेव स्वीकारल्यावर ती परत देता आली पाहिजे. म्हणून नवे ॲप निवडताना ‘याने काय करता येते’ या प्रश्नाइतकाच ‘हे उद्या बंद पडले तर काय हरवते आणि कोण अडते’ हा प्रश्न मी विचारतो, आणि ज्यांच्याकडे हरवण्यासारखे कमी आहे त्यांच्यापासून सुरुवात करून क्रमाने वर जातो.

दुसरी डिस्क रेडमध्ये जोडू नका. रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर एकाच वेळी एकच गोष्ट लिहिली जाते. त्यामुळे एक डिस्क निकामी झाली तरी सेवा चालू राहते, पण चुकून पुसलेला फोल्डर दोन्हीकडून त्याच क्षणी नाहीसा होतो. घरच्या सर्व्हरवर डिस्क मरण्यापेक्षा चुकीचा आदेश, फसलेले अपडेट किंवा बिघडलेला डेटाबेस हे प्रसंग अधिक वेळा येतात, आणि यांपैकी एकाही बाबतीत रेडचा उपयोग होत नाही. शिवाय यूएसबीवरच्या डिस्क केबल हलली, वीजपुरवठा क्षणभर कमी पडला किंवा डबीतली चिप रुसली तरी काही सेकंदांसाठी गायब होतात. अशा दोन डिस्कचा रेड दर वेळी नव्याने जुळवणी करत बसतो. दुसरी डिस्क पूर्णपणे बॅकअपसाठी ठेवा, आणि जमल्यास बॅकअप घेण्यापुरतीच माउंट करा, म्हणजे यंत्राच्या एखाद्या फोल्डरशी जोडा.

बॅकअपसाठी मी रेस्टिक वापरतो. बोर्ग आणि कोपिया हीदेखील चांगली साधने आहेत. रेस्टिक प्रत्येक वेळी पूर्ण स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) दाखवते, पण प्रत्यक्षात फक्त बदललेला भागच साठवते, आणि सर्व काही एन्क्रिप्ट करून ठेवते. सात दैनंदिन, चार साप्ताहिक आणि बारा मासिक स्नॅपशॉट ठेवण्याचा नियम घरासाठी पुरेसा आहे. दोन डिस्क एकाच टेबलावर असतील तर चोरी, पाणी किंवा विजेचा लोळ दोन्हींना एकदमच गाठतो. म्हणून यातला सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे कागदपत्रे, डेटाबेसच्या प्रती आणि फोटो, नातेवाइकांकडच्या एखाद्या यंत्रावर किंवा भाड्याच्या क्लाउड साठवणीतही जायला हवा. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम एवढ्याचसाठी आहे. चित्रपटांचा संग्रह त्यात घेऊ नका. त्याने जागा खाऊन टाकली की माणूस बॅकअप घेणेच सोडून देतो.

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत होते ती डेटाबेसच्या बाबतीत. चालू असलेल्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या फाइली जशाच्या तशा कॉपी केल्या तर अर्धवट लिहिलेल्या अवस्थेतली प्रत हाती येण्याची शक्यता असते, आणि ती पुन्हा उभी राहील याची खात्री नसते. आधी पीजी-डम्प या पोस्टग्रेसच्याच आदेशाने डेटाबेसचा मजकूर फाइलीत उतरवावा, आणि मग ती फाइल रेस्टिकला द्यावी. एसक्यूलाइट हा लहान डेटाबेस वापरणाऱ्या ॲप्ससाठी त्याचाच बॅकअप आदेश वापरावा, किंवा मिनिटभर कंटेनर थांबवून कॉपी करावी. माझी स्वतःची चूक येथे सांगण्यासारखी आहे. डॉकर कंपोजची (ॲपचे कंटेनर एका फाइलीत लिहून चालवण्याच्या साधनाची) दुसरी आवृत्ती आली तेव्हा कंटेनरच्या नावांमधली अधोरेखा जाऊन तेथे जोडरेघ आली. माझ्या रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये जुनेच नाव होते. डम्पचा आदेश रोज अपयशी ठरत होता, पण आउटपुट फाइलीकडे वळवलेले असल्याने शून्य बाइटची फाइल मात्र रोज नेमाने तयार होत होती आणि रेस्टिक ती तितक्याच नेमाने साठवत होते. कित्येक आठवडे माझ्याकडे काहीच नसल्याचा उत्तम बॅकअप होता. तेव्हापासून स्क्रिप्ट एखादी पायरी चुकताच थांबते, डम्पचा आकार तपासते, आणि सर्व नीट झाले तरच शेवटी बाहेरच्या एका देखरेख सेवेला संदेश पाठवते; ठरलेल्या वेळेत संदेश आला नाही, तर ती सेवा मला कळवते. अपयशाची सूचना पाठवण्यापेक्षा यशाची सूचना न येणे पकडणे अधिक भरवशाचे असते, कारण बंद पडलेले यंत्र आपण बंद पडल्याचे कळवू शकत नाही.

बॅकअप घेतला म्हणजे काम संपले असे मानू नका. दर तीन महिन्यांनी एखाद्या रिकाम्या फोल्डरात एक ॲप त्याच्या डम्पसह पुन्हा उभे करून पाहा आणि त्यात लॉगिन करा. पहिल्या वेळी अर्धा दिवस जाईल. काय राहून गेले ते त्याच वेळी कळेल, आणि बहुतेकदा ती पासवर्ड असलेली ‘.एन्व्ह’ फाइल असते.

ॲप्सकडे वळण्यापूर्वी यंत्राची थोडी बांधबंदिस्ती करून घ्यावी. प्रत्येक ॲपला आपला एक फोल्डर द्यावा आणि त्यात कंपोज फाइल, ‘.एन्व्ह’ फाइल आणि कॉन्फिगरेशन एकत्र ठेवावे. ब्राउझरमधून बटणे दाबून तयार केलेल्या कंटेनरचे कंपोज फाइलींत रूपांतर आत्ताच करून घ्यावे, कारण सहा महिन्यांनी कोणते बटण दाबले होते ते आठवत नाही. डॉकर मूळ सेटिंगमध्ये लॉगच्या (ॲपने लिहिलेल्या नोंदींच्या) आकारावर मर्यादा घालत नाही. एखादे बडबडे ॲप संपूर्ण एसएसडी भरून टाकू शकते, म्हणून डॉकरच्या डीमनच्या (पार्श्वभूमीत चालणाऱ्या मुख्य प्रोग्रामच्या) कॉन्फिगरेशनमध्ये फाइलचा कमाल आकार आणि फाइलींची संख्या लिहून ठेवावी. यंत्र लॅपटॉप असल्याने झाकण मिटल्यावर झोपू नये अशी सोय करावी, आणि फर्मवेअर परवानगी देत असेल तर बॅटरीच्या चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर आणावी. सतत पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत फुगते. एरवी तीच बॅटरी आपल्याला फुकटचा यूपीएस म्हणून लाभते.

बाहेरच्या डिस्कबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या त्या यादीत) तिची नोंद यूयूआयडीने (डिस्कच्या ओळख-क्रमांकाने) करावी आणि ‘नोफेल’ हा पर्याय घालावा, म्हणजे डिस्क नसली तरी यंत्र सुरू होते. या सोयीतच एक खोच आहे. एखाद्या रीबूटनंतर डिस्क माउंट झाली नाही, तर तिच्या जागी रिकामा फोल्डर असतो. डॉकर त्यात निमूटपणे हवे ते उपफोल्डर तयार करते आणि ॲप एसएसडीवर लिहू लागते. ॲप उघडून पाहणाऱ्याला सगळे फोटो नाहीसे झाल्यासारखे वाटते, तो घाबरून डिस्क पुन्हा माउंट करतो, आणि मधल्या काळात आलेल्या फाइली त्या माउंटखाली झाकल्या जातात. यावरचा साधा उपाय असा : डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘चॅटर’ आदेशाने अपरिवर्तनीय असल्याची खूण करावी. मग डिस्क नसताना रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही) तेथे लिहिता येत नाही, कंटेनर सुरूच होत नाही, आणि बिघाड लपण्याऐवजी तोंडावर येतो. डिस्क माउंट झाली की खालच्या फोल्डरची खूण आड येत नाही.

घराबाहेरून वापरण्याचा प्रश्न मी ॲप्सच्या आधी घेतो, कारण येथे झालेली चूक सर्वांत महाग पडते. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार) उघडून ॲप थेट इंटरनेटवर ठेवण्याचा सल्ला आपल्याला अनेक ठिकाणी मिळेल. तो आपल्यासाठी नाही. उघड्या पोर्टवर काही मिनिटांतच स्वयंचलित चाचपणी सुरू होते, आणि त्या क्षणापासून त्या ॲपमधली प्रत्येक सुरक्षा-त्रुटी ही आपली तातडीची बाब बनते. वापरणारे घरातलेच तीन-चार जण असतील तर व्हीपीएन पुरते. वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झाले. ते लहान आहे, वेगवान आहे, आणि ओळखीची किल्ली नसलेल्या कोणालाही उत्तरच देत नाही, त्यामुळे त्याचा पोर्ट उघडा असला तरी बाहेरून पाहणाऱ्याला तेथे काही असल्याचे जाणवत नाही.

तरीही आधी एक गोष्ट तपासा. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा आयपी पत्ता जर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, किंवा जग आपल्याला ज्या पत्त्याने पाहते त्याहून वेगळा असेल, तर सेवापुरवठादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले आहे. अशा जोडणीवर राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. या एका कारणापायी लोक राउटरशी कित्येक रात्री झगडतात. अशा वेळी टेलस्केल वापरावे. तेही आतून वायरगार्डच आहे, पण दोन्ही टोकांची गाठ ते मध्यस्थ सर्व्हरच्या मदतीने घालून देते आणि थेट मार्ग मिळाला नाही तर एन्क्रिप्ट केलेली वाहतूक आपल्या रिले सर्व्हरमधून नेते. मध्यस्थदेखील स्वतःचा हवा असेल तर हेडस्केल आहे, पण त्यासाठी सार्वजनिक पत्ता असलेले दुसरे यंत्र लागते, म्हणून सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

यूएफडब्ल्यू या फायरवॉल-साधनावर विसंबत असाल तर आणखी एक सावधगिरी बाळगा. डॉकर पोर्ट प्रकाशित करताना फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम लिहिते, आणि ते यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालतात. यूएफडब्ल्यूमध्ये बंद दिसणारा पोर्ट नेटवर्कवर उघडा असू शकतो. म्हणून ॲपचे पोर्ट १२७.०.०.१ या, त्या यंत्रापुरत्याच असलेल्या पत्त्याला बांधावेत आणि समोर एकच रिव्हर्स प्रॉक्सी (सर्व विनंत्या घेऊन योग्य ॲपकडे पोहोचवणारा मध्यस्थ) ठेवावा. त्यासाठी कॅडी मला सर्वांत सुटसुटीत वाटते. ब्राउझरमधून काम करायचे असेल तर एनजिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर आहे. त्यासोबत स्वतःचे एक डोमेन घ्यावे आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे, एचटीटीपीएससाठी लागणारे प्रमाणपत्र डीएनएस पडताळणीने मिळवावे. या पद्धतीत आपण डोमेनच्या नोंदींमध्ये ठरलेला मजकूर लिहून मालकी सिद्ध करतो, त्यामुळे सर्व्हर बाहेरून दिसण्याची गरज पडत नाही. प्रत्येक ॲपसाठी वेगळे प्रमाणपत्र न घेता सर्व उपनावांना (डोमेनच्या आधी लावलेल्या ॲपच्या नावांना) चालणारे एकच घ्यावे. दिलेली प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवहीत जातात, आणि आपल्या घरात कोणकोणती ॲप्स चालतात याची यादी तेथे टांगून ठेवण्याचे काही कारण नाही. ही उपनावे घरच्या खासगी पत्त्याकडे वळवण्याचे काम आपले पाय-होल आनंदाने करील.

आता ॲप्स. पहिले पेपरलेस-एनजीएक्स सुचवण्याचे कारण असे की त्याचा उपयोग पहिल्याच आठवड्यात जाणवतो आणि मूळ कागद अजून हातात असल्याने चूक परवडते. स्कॅन केलेली किंवा फोनने टिपलेली कागदपत्रे एका ठरावीक फोल्डरात टाकली की ते ती उचलते, टेसरॅक्टच्या साह्याने त्यातली अक्षरे वाचते, आणि शोधता येण्याजोगी पीडीएफ प्रत मूळ फाइलीशेजारी जपून ठेवते. उचललेली फाइल त्या फोल्डरातून नाहीशी होते. पहिल्यांदा हे पाहून दचकायला होते, पण ते अपेक्षितच आहे. मराठी कागद वाचायचे असतील तर टेसरॅक्टची मराठी भाषा वेगळी बसवावी लागते, आणि ओळखायच्या भाषांमध्ये मराठी व इंग्रजी दोन्ही लिहाव्या लागतात; नाहीतर देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांचा चिखल मिळतो. छापील देवनागरी बऱ्यापैकी ओळखली जाते, हस्ताक्षराकडून मात्र काहीच अपेक्षा ठेवू नये.

पेपरलेसमध्ये टॅग, पत्रव्यवहार करणारी संस्था आणि कागदाचा प्रकार अशा तीन अंगांनी वर्गवारी होते, आणि नवखा माणूस पहिल्या दिवशी चाळीस टॅग तयार करतो. तसे करू नका. पूर्ण मजकुरातून शोध घेता येत असल्याने पाच-सहा टॅग पुष्कळ होतात, आणि शंभरेक कागद हाताने लावून दिल्यावर त्याची स्वयंचलित जुळवणी पुढचे कागद बऱ्याच अंशी स्वतःच लावू लागते. मूळ कागद जपणे आवश्यक असेल तर त्यावर अनुक्रमांक लिहून तोच क्रमांक ॲपमध्ये नोंदवावा आणि कागद फक्त क्रमांकाने एकामागे एक फाइलीत लावत जावे. विषयवार फाइली ठेवण्याची गरज उरत नाही. ॲप ‘२१४’ म्हणाले की हात थेट त्या कागदावर जातो. मला या ॲपची सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा निर्यात आदेश : सर्व कागद आणि त्यांची सगळी माहिती ते साध्या फाइलींच्या रूपात बाहेर काढून देते. ज्या ॲपमधून बाहेर पडण्याची वाट स्वच्छ असते, त्यात शिरायला मी कधी कचरत नाही. फाइली टाकण्याचा फोल्डर नेटवर्क शेअरवर असेल तर नवी फाइल आल्याची सूचना पोहोचत नाही आणि ॲप गप्प बसून राहते. तेव्हा ठरावीक काळाने फोल्डर तपासण्याचा पर्याय चालू करावा.

पेपरलेस दोन महिने चालले, एकदा बॅकअपमधून उभे करून पाहिले, की इमिचकडे वळावे. फोनमधले फोटो आपोआप घरी आणणे, चेहऱ्यांनुसार गट पाडणे, नकाशावर दाखवणे आणि ‘समुद्रकिनारी कुत्रा’ अशा वर्णनाने फोटो शोधणे, हे सर्व ते करते. बराच काळ ते वेगाने बदलत होते आणि अपडेटनंतर हाताने दुरुस्ती करावी लागण्याचे प्रसंग वारंवार येत. ऑक्टोबर २०२५ मध्ये २.० ही आवृत्ती स्थिर म्हणून जाहीर झाल्यापासून आता ते नवशिक्याला सुचवताना माझे मन कचरत नाही.

सुरुवात करताना जुना फोटोसंग्रह इमिचमध्ये अपलोड करू नका. तो फोल्डर कंटेनरला केवळ वाचण्यापुरता माउंट करून ‘बाह्य संग्रह’ म्हणून जोडा. ॲप पटले नाही तर काढून टाका. मूळ फाइलींना धक्का लागलेला नसेल. डेटाबेस मात्र आतल्या एसएसडीवरच ठेवा. तो यूएसबीवरच्या फिरत्या डिस्कवर ठेवला तर सगळे ॲप रेंगाळते, आणि नेटवर्क शेअरवर तर तो कधीच ठेवू नये. पहिल्यांदा हजारो फोटो जोडले की चेहरे ओळखणे आणि शोधाची पूर्वतयारी यांसाठी प्रोसेसर कित्येक तास, जुन्या यंत्रावर दोन-तीन दिवसही, पूर्ण भाराने चालेल. एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या एकवर आणा आणि त्याला रात्रभर चालू द्या. ही पहिली लाट ओसरली की रोजचे काम किरकोळ असते.

इमिच स्वतःच्या डेटाबेसचा डम्प रोज रात्री घेते, पण तो फोटोंच्याच साठ्यात ठेवते आणि त्यात फोटो नसतात. हा बॅकअप आहे अशा समजुतीत राहू नये, मात्र रेस्टिकला द्यायला तो डम्प सोयीचा आहे. लघुचित्रे आणि रूपांतरित व्हिडिओ पुन्हा तयार करता येतात, म्हणून ते फोल्डर वगळल्यास बॅकअपची बरीच जागा वाचते. घरच्यांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी : फोनची बॅटरी वाचवणारी व्यवस्था पार्श्वभूमीत चालणारी ॲप्स बंद पाडते, त्यामुळे फोटो घरी पोहोचल्याची खात्री ॲप उघडूनच करायची. आणि फोनमधून फोटो पुसण्याची घाई तर मुळीच नको. तो फोटो सर्व्हरवर, दुसऱ्या डिस्कवर आणि घराबाहेरच्या प्रतीत अशा तिन्ही ठिकाणी असल्याशिवाय फोनमधली प्रत हीच खरी प्रत समजावी.

व्हॉल्टवॉर्डन हा बिटवॉर्डन या पासवर्ड-व्यवस्थापकाच्या सर्व्हरचा रस्ट या भाषेत लिहिलेला हलका पर्याय आहे, आणि बिटवॉर्डनचीच अधिकृत ॲप्स त्याला जोडता येतात. रॅम जवळजवळ लागतच नाही. त्याला शेवटचा क्रम दिला तो वजनामुळे. एचटीटीपीएसशिवाय ते ब्राउझरमध्ये चालत नाही, कारण ब्राउझरमधली एन्क्रिप्शनची सोय सुरक्षित जोडणीवरच उपलब्ध असते. त्यामुळे वर सांगितलेला प्रॉक्सी आणि प्रमाणपत्र आधी पक्के हवे. घरच्यांची खाती तयार झाली की नवी नोंदणी बंद करावी. सर्व्हर काही काळ बंद असला तरी लॉगिन केलेल्या उपकरणांवर एन्क्रिप्ट केलेली प्रत असते आणि पासवर्ड वाचता येतात; नवीन भर घालणे तेवढे थांबते. खरा धोका वेगळाच आहे. रेस्टिकचा पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्ये, आणि व्हॉल्टवॉर्डनचा बॅकअप रेस्टिकमध्ये, अशी रचना कळत-नकळत बहुतेकांची होते. यंत्र जळाले आणि फोनवरचे लॉगिन गेले की किल्ली कुलपाच्या आत राहते. रेस्टिकचा पासवर्ड आणि व्हॉल्टवॉर्डनचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून घरात सुरक्षित ठेवावा, आणि तो कागद कोठे आहे हे आपल्याखेरीज आणखी एका व्यक्तीला माहीत असावे.

बाकीच्यांची दखल थोडक्यात घेतो. दोन संगणकांमधले फोल्डर सारखे ठेवण्यासाठी सिंकथिंग उत्तम आहे, पण एकीकडे पुसलेले ते दुसरीकडेही पुसते, म्हणून जुन्या आवृत्त्या राखण्याचा पर्याय चालू करावा. अँड्रॉइडवरील त्याच्या मूळ अधिकृत ॲपचे काम २०२४ अखेर थांबले असून तेथे आता फोर्क केलेले (त्याच कोडवरून इतरांनी पुढे चालवलेले) ॲप वापरतात. बातम्या आणि लेख वाचण्यासाठी फ्रेशआरएसएस अतिशय हलके आहे, आणि ध्वनिपुस्तकांसाठी ऑडिओबुकशेल्फ. नेक्स्टक्लाउडची सर्वजण शिफारस करतात; मी आपल्याला ती करणार नाही. ओनक्लाउडमधून २०१६ मध्ये वेगळा झालेला तो प्रकल्प पुष्कळ काही करतो, पण त्याला सतत निगा लागते, आणि एका मुख्य आवृत्तीवरून थेट तिसरीवर उडी घेता येत नाही. एक-एक पायरी चढावी लागते. आपल्याला केवळ कॅलेंडर आणि संपर्क घरी आणायचे असतील तर रॅडिकेल हे छोटेसे ॲप ते काम निमूटपणे करते. ईमेलचा सर्व्हर घरी चालवण्याचा मोह झाला तर तो आवरावा. पत्र पाठवण्याचे तंत्र अवघड नाही. घरगुती आयपी पत्त्यावरून आलेले पत्र समोरच्याने स्वीकारणे, हे आपल्या हातात नसते.

अप्टाइम कुमाने प्रत्येक ॲप जिवंत आहे की नाही हे दिसते आणि ते बसवण्यासारखेही आहे, पण ते त्याच लॅपटॉपवर असल्याने लॅपटॉप बंद पडल्याचे सांगू शकत नाही. ते काम बाहेरच्या देखरेखीवरच सोपवावे.

रॅमबद्दल. लिनक्स मोकळी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरते, त्यामुळे ‘फ्री’ आदेशातला मोकळ्या रॅमचा आकडा नेहमीच लहान दिसतो. पाहायचा असतो तो ‘उपलब्ध’ हा स्तंभ. पाय-होल, जेलिफिन, पेपरलेस, इमिच आणि व्हॉल्टवॉर्डन ही पाचही ॲप्स ८ जीबीत राहतात, फक्त इमिचची पहिली लाट आणि पेपरलेसमध्ये टाकलेला मोठा गठ्ठा एकाच रात्री चालवू नये. ती जागा अपुरी पडू लागली तर इमिचच्या मशीन लर्निंगच्या कंटेनरला कंपोजमध्ये मेमरीची मर्यादा घाला, म्हणजे बेताल झालेच तर तेच थांबेल आणि घराचे डीएनएस चालू राहील. जेलिफिन अडखळत असेल तर दोष बहुधा रॅमचा नसतो. व्हिडिओ त्या उपकरणाला थेट चालत नाही म्हणून सर्व्हरला तो चालू असतानाच रूपांतरित करावा लागतो. इंटेल प्रोसेसर असेल तर ग्राफिक्सचे उपकरण कंटेनरला देऊन क्विक सिंक (व्हिडिओचे रूपांतर ग्राफिक्सच्या भागाकडून करून घेण्याची सोय) चालू केल्यावर तोच जुना लॅपटॉप वेगळाच भासतो.

अपडेट आपोआप होऊ देऊ नका, हे ॲप्सपुरते. डेबियनचे सुरक्षा अपडेट मात्र आपोआप होऊ द्या. कंपोज फाइलीत ‘लेटेस्ट’ लिहिण्याऐवजी आवृत्तीचा क्रमांक लिहावा, महिन्यातून एक दिवस ठरवून प्रकाशन-टिपा वाचाव्यात, आदल्या रात्रीचा बॅकअप झाल्याचे पाहावे, आणि एका वेळी एकच ॲप बदलावे. पोस्टग्रेसचा मुख्य क्रमांक मात्र असा बदलता येत नाही. १५ च्या जागी १६ लिहिले तर नवा सर्व्हर जुन्या फाइली उघडायला नकार देतो. डम्प काढून, रिकाम्या नव्या सर्व्हरमध्ये तो भरावा लागतो. इमिच पोस्टग्रेसची स्वतःची खास डॉकर-प्रतिमा (कंटेनर ज्यावरून तयार होतो तो साचा) वापरते. तिचा क्रमांक त्यांच्या कंपोज फाइलीप्रमाणेच ठेवावा.

शेवटी पाय-होलविषयी, ज्याबद्दल आपण विचारलेले नाही. ठेव नसली तरी घरातले सगळे त्याच्यावर अवलंबून आहेत, आणि वरीलपैकी प्रत्येक नवे ॲप म्हणजे लॅपटॉप रीबूट करण्याचे आणखी एक निमित्त आहे. राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा सार्वजनिक पत्ता लिहिला की अडचण सुटते असे वाटते, पण अनेक उपकरणे दुसऱ्या पत्त्याला राखीव मानत नाहीत. ती दोन्हींना हवे तसे विचारतात, त्यामुळे जाहिराती अधूनमधून परत येतात आणि घरच्या उपनावांचा पत्ता कधी लागतो, कधी लागत नाही. एखादे जुने छोटे रास्पबेरी पाय पडून असेल तर दुसरे पाय-होल त्यावर बसवा आणि राउटरमध्ये हे दोनच पत्ते ठेवा. तसे यंत्र नसेल, तर राउटरचा मूळ डीएनएस पत्ता कागदावर लिहून राउटरलाच चिकटवून ठेवा, म्हणजे आपण प्रवासात असताना लॅपटॉप थांबला तरी घरातले कोणीही दोन मिनिटांत इंटरनेट पुन्हा चालू करू शकेल.